आमच्या धामणीचा डॉक्टर

मला किळस फार लवकर येते. ताटात केस निघाला तर दोन दिवस त्या ताटात मी जेवत नाही. बसच्या सीटला कोणाच्या डोक्याचं तेल लागलेलं दिसलं की तंजावूरपासून ओरत्तनाडूपर्यंत मी उभ्यानं जातो. अशा माणसाच्या घरात तीन वर्षं एक धामण होती, आणि ती माझ्या बायकोनं हौसेनं पाळलेली होती.

ही एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. मी टेलिफोन खात्यात कारकून होतो, बायको मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, जिथं अजून दहा-बारा घरांत मराठी बोलत, तिथं आमच्याबद्दल पहिल्यांदा हेच सांगितलं जाई. मी कोणाचा मुलगा, काय करतो, हे त्यानंतर.

बायकोच्या वडिलांची जमीन ओरत्तनाडूच्या पलीकडे. एका कापणीला पेंढ्याखाली धामणीचं हातभर पिल्लू सापडलं, विळ्यानं शेपटीचं टोक उडालेलं. बायकोनं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून घरी आणलं. जखम भरली की सोडीन म्हणाली. जखम भरली, पण सोडायचं नाव निघेना. त्याच सुमारास आम्ही रंगीत टीव्ही घेतला आणि केबलही जोडून घेतली, तेव्हा जुन्या टीव्हीची सरकत्या दारांची लाकडी पेटी रिकामी झाली. बायकोनं आतलं यंत्र काढून टाकलं, पुढे जाड काच बसवली आणि धामण आत सोडली. म्हणजे दिवाणखान्यात दोन टीव्ही, एकात क्रिकेट आणि दुसऱ्यात धामण. मी क्रिकेटच्या बाजूला तोंड करून बसायचो.

तिचं खाणं म्हणजे उंदीर. शेतातले उंदीर धरणारी एक बाई दर आठवड्याला मडक्यात घालून आणून द्यायची. ज्या घरात कांदासुद्धा चतुर्थीला शिजत नव्हता, त्या घरात हे चालायचं. पुढं काय व्हायचं ते मी बघत नसे, पण पेटीचं दार उघडलं की एक आंबूस, ओली, कुजक्या पानांसारखी घाण घरभर पसरायची. तीन वर्षांत मी त्या जनावराला बोट लावलं नव्हतं. बायको मात्र हातावर घेऊन वह्या तपासायची. धामण तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊन तिथंच पडून राही, आणि बायकोच्या चेहऱ्यावर जी शांतता येई ती मी तिच्या चेहऱ्यावर इतर वेळी क्वचितच पाहिली.

धामणीला तमिळमध्ये सारै म्हणतात. आणि आमच्याकडे पक्की समजूत, की सारै हा नागिणीचा नवरा. बायको हसून सांगायची की ही मादी आहे, आणि नाग वेगळा, धामण वेगळी. ऐकतंय कोण. ज्यांना मूल नाही त्यांच्या पत्रिकेत नागदोष असतो, मग त्या बायका पिंपळाखाली दगडी नाग बसवतात, वारुळात दूध ओततात. इथं तर नागाचा नातेवाईकच आमच्या टीव्हीत राहायला आलेला. बायका दुपारच्या यायच्या, काचेला हात जोडायच्या, काचेवर कुंकू लावायच्या. बायको संध्याकाळी शाळेतून आली की ओल्या फडक्यानं काच पुसायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बायको पेपर तपासायला दहा दिवस तिरुच्चीला गेली. तेवढ्यात माझी थोरली बहीण, अक्का, आली. तिनं कुंभकोणमकडच्या एका जोशाला माझी पत्रिका दाखवली होती. घरात साप आहे आणि त्याला दूध मिळत नाही, म्हणून पाळणा हलत नाही, असं त्यानं सांगितलं होतं. उपाय असा, की रविवारी राहुकाळात सापाला हळदकुंकू लावायचं आणि घरच्या पुरुषानं स्वतःच्या हातानं दूध पाजायचं.

मी नाही म्हणालो नाही. हे लिहितानाही मला माझीच शिसारी येते. मी दोन वर्षं कॉलेजात शास्त्र शिकलेला माणूस, आणि साप दूध पीत नाही हे बायकोनं मला निदान वीस वेळा सांगितलं होतं. पण अकरा वर्षं दर सणाला कोणी ना कोणी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला होता आणि मलाही एक मूल पाहिजे होतं.

मी हाताला टॉवेल गुंडाळून धामणीचं डोकं धरलं. टॉवेलमधूनही तिचं अंग हलत होतं, सगळं स्नायूच स्नायू. तोंड उघडेना म्हणून अक्कानं चमच्याच्या दांड्यानं उघडलं. मग तिनं पिशवीतून चांदीचं बोंडलं काढलं, ज्याला आम्ही घरात तमिळमधलं पालाडै म्हणतो, तान्ह्या बाळाला पाजायचं. ते तिनं आमच्या बाळासाठी घेऊन ठेवलेलं होतं. त्यानं मी निरसं दूध ओतलं. पहिलं बोंडलं बाहेर सांडलं. दुसरं आत गेलं. धामणीनं एकदम अंग ताठ केलं आणि तिच्या नाकातून पांढरे बुडबुडे आले. अक्का म्हणाली, प्यालं. मी धामणीला पेटीत टाकलं, सरकती दारं लावली आणि न्हाणीघरात जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिलो. धामणीचा रंगच मातकट पिवळा, त्यात हळद कुठं दिसते. अक्कानं लावलेलं कुंकू मात्र, बायकोला दिसू नये म्हणून, आम्ही आधीच पुसून काढलं होतं.

बायको परत आली तेव्हा धामण उंदीर खाईना. चार दिवसांनी तिच्या ओठाला सूज आली आणि ती नाकपुडी वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून पडू लागली. श्वास घेताना शिजत्या भातासारखा खदखद आवाज यायचा. बायको रात्रंदिवस काचेशी बसली. काय झालं असेल, मला विचारी. मी म्हणे, उन्हाळा आहे. चोराच्या मनात चांदणं, पण चोरानं तोंडात मूग धरले होते.

सापाचा डॉक्टर शोधायचा म्हणजे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या हातात टेलिफोनची डिरेक्टरी होती, तेवढीच माझी विद्या. मी जिल्ह्यातले सगळे गुरांचे डॉक्टर काढले. पहिल्यांदा आम्ही गावातल्याच एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बायकोनं धामणीला सुती पिशवीत आणि पिशवीला झाकणाच्या टोपलीत ठेवलं होतं. आमच्या पुढं एक म्हैस आणि दोन शेळ्या. आमची पाळी आली, बायकोनं झाकण उचललं, आणि डॉक्टर खुर्ची मागं सारत भिंतीला लागले. म्हणाले, रजिस्टरमध्ये गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी, कुत्रा एवढे रकाने आहेत, हे मी कशात लिहू. कंपाउंडरनं चपला काढल्या आणि हात जोडले. मग शेळ्यांवाली बाई आली, म्हशीवाला आला, रस्त्यावरचे आले. कोणीतरी टोपलीत नाणं टाकलं. बघता बघता त्या धापा टाकणाऱ्या जनावराच्या अंगावर नाणी पडायला लागली. एकानं त्या सुजलेल्या तोंडाला विभूती लावायला हात घातला, बायकोनं तो फटकन बाजूला केला. मी मागं सरकलो. आजारी प्राण्याभोवतीची ती घामट, भाविक गर्दी, आणि माझ्या लक्षात आलं की या सगळ्यांपेक्षा घाण काम मी केलेलं आहे, घरात, पंख्याखाली बसून.

दुसरे डॉक्टर खाजगी. तेव्हा गावात नव्या पैशाबरोबर पांढरी झुपकेदार कुत्री आली होती आणि त्यांच्यासाठी एअरकंडिशनचा दवाखाना निघाला होता. त्या डॉक्टरांचा दुसऱ्या फोनचा अर्ज आमच्या कचेरीत पडून होता, म्हणून त्यांनी साप बघायचं कबूल केलं. एरवी केलं नसतं. त्यांनी लांबूनच बघून आधी विचारलं की परवाना आहे काय. असं जनावर घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याला कळवावं लागेल. बायको म्हणाली, कळवा, पण आधी इलाज करा. ते आत गेले. मला वाटलं औषध आणतायत. ते त्यांच्या सासूबाईंना घेऊन आले, आणि सासूबाईंच्या हातात कापूर लावलेलं ताट. त्यांच्या मुलीला, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, दिवस राहत नव्हते. टेबलावर, जिथं कुत्र्यांना सुया टोचतात, तिथं त्यांनी आमच्या धामणीची आरती केली. कापराचा धूर थेट तिच्या उघड्या तोंडात गेला. गळ्यात स्टेथोस्कोप घालून डॉक्टर शेजारी डोळे मिटून उभे होते.

बाहेर येऊन बायको थुंकली. अकरा वर्षांत तिला रस्त्यावर थुंकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, "असल्या लोकांना पदवी कोण देतं?" मी टोपली मोपेडच्या पुढं ठेवत होतो. मान वर केली नाही.

शेवटी मी एसटीडी बूथमधून मद्रासला फोन केला. कचेरीच्या फोनवरून केला असता, पण साप हा शब्द तिथं उच्चारायची मला लाज वाटत होती. तिथल्या एका सापांच्या जाणकारानं सांगितलं, तुमच्याकडे सापाचा डॉक्टर नसेल तर कोंबड्यांचा शोधा, त्यांना लहान फुप्फुसं कळतात. त्या वर्षांत आमच्या भागात ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड सगळीकडे उठत होते. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका गावात एक बाई डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, शेडच्या शेजारीच राहायच्या. शेडचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. त्यांच्या केसांत खाद्याचा भुसा, नखांत काय असेल ते असेल. मी रुमाल नाकाला लावूनच उभा राहिलो.

पण त्यांनी धामण उचलली. कोणी हात जोडले नाहीत, कोणी किंचाळलं नाही. बसच्या जाड तिकिटाची घडी करून तोंड उघडलं, बॅटरीचा उजेड पाडला, आणि चिमट्यानं ओठाच्या आतून घट्ट दह्यासारखा पू काढला. एक कवडी, दुसरी कवडी, टेबलावरच्या कागदावर. मी खिडकीकडे तोंड वळवलं. बायकोनं वळवलं नाही, ती डोकं धरून उभी होती.

डॉक्टरबाईंनी तमिळमध्ये विचारलं ते अजून माझ्या कानात आहे. म्हणाल्या, "हिच्या घशात काही ओतलंय काय? पाणी, दूध, औषध, काहीही? नीट आठवून सांगा. ओतलं असेल तर ते फुप्फुसात आहे, आणि मग वरून थेंबसुद्धा द्यायचा नाही. ओतलं नसेल तर ही सुकली आहे, आणि नळीनं पाणी दिलंच पाहिजे."

बायको म्हणाली, माझ्या घरात हिला उंदराशिवाय काही मिळत नाही, पाण्याचं भांडं आत असतं, ती आपली आपण पिते. ती इतक्या खात्रीनं बोलली की डॉक्टरबाईंनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाकावरचा रुमाल काढला नाही. मान मात्र हलवली, नाही अशी.

त्यांनी सुई टोचली आणि एक बारीक रबरी नळी दिली. सकाळ-संध्याकाळ मीठसाखरेचं पाणी, एवढं एवढं, नळी इथपर्यंत घालून. बायकोनं ते माप वहीत लिहून घेतलं.

आणि मग चार दिवस बायकोनं स्वतःच्या हातानं तिला पाणी पाजलं. शाळेत जायच्या आधी आणि शाळेतून आल्यावर, पाणी उकळून, निववून, नळी धुऊन. मला म्हणे जरा शेपटीकडे धरा, मी धरत नसे. तिसऱ्या दिवशी धामणीनं अंगाचा पुढचा हात-दीड हात भाग भिंतीला टेकवून सरळ उभा केला आणि तशीच राहिली, तोंड आढ्याकडे. बायकोला वाटलं, बरं वाटतंय, डोकं उचलतेय. ती हसली. त्या हसण्यानं मला घेरलं. मला माहीत होतं ती डोकं का उचलतेय. बुडणारा माणूस का उचलतो?

चौथ्या दिवशी सकाळी बायको नळी धुवत होती तेव्हा मी सांगितलं. अक्काचं नाव आधी सांगितलं, मग जोशाचं, मग चमच्याचं, मग दुधाचं. माझा हात शेवटी आला. नळाचं पाणी वाहत राहिलं. बायकोनं नळ बंद केला, धामणीला पिशवीत घातलं, आणि म्हणाली, "गाडी काढा."

बायकोनं डॉक्टरबाईंना दारातच दुधाचं सांगितलं. त्यांनी धामणीला शेपटीकडून वर धरलं, डोकं खाली, आणि अंगावरून बोटं ओढत आणली. तोंडातून फेस आला, मग पाणी, मग पाण्यात दह्याचे बारीक कण. ते माझं दूध होतं. आंबलेलं, गुलाबीसर, कापसावर. त्यांनी तो कापूस फेकून दिला नाही, टेबलावर माझ्या समोर ठेवला आणि दुसरा घेतला. असे सात-आठ बोळे. आयुष्यात मी खूप घाणी बघून तोंड फिरवलंय. तेव्हा मला तोंड फिरवता येईना. जबड्याच्या मागं, खवल्यांच्या खाचेत, कुंकवाची एक रेघ राहिली होती. ती बायकोला त्याच वेळी दिसली.

थोड्या वेळानं डॉक्टरबाईंनी हात थांबवले. धामणीचं अंग दोरीसारखं टेबलावरून खाली लोंबलं. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी कळलं असतं तर कदाचित. हात धुवायला गेल्या.

घरी अक्का येऊन बसली होती. साप मेल्याचं तिला कसं कळलं कोण जाणे, गल्लीला सगळं कळतं. तिनं तूप आणलं होतं, चंदनाचा तुकडा, चांदीचं नाणं. घरात साप मेला म्हणजे माणसासारखं दहन करायचं, नाणं तोंडात ठेवायचं, घरच्या पुरुषानं अंघोळ करून सुतक धरायचं, नाहीतर सात जन्म दोष. ती माझ्यासाठी आसन मांडत होती. बायको उंबऱ्यात टोपली घेऊन उभी राहिली. "अक्का, तुम्ही हिला आता हात लावू नका," एवढंच म्हणाली, हळू आवाजात. अक्का म्हणाली की हे तुझ्याच बऱ्यासाठी चाललंय, तुझी कूस उजवावी म्हणून. बायकोनं ऐकून घेतलं आणि ती परत पायऱ्या उतरली. मी मोपेड चालू केली. ती मागं बसली, पण तिनं माझा खांदा धरला नाही, टोपली धरली.

तिच्या वडिलांच्या शेताशी पोहोचेस्तोवर ऊन कलतीला लागलं होतं. भात कापून झालेलं, जमीन भेगाळलेली. बांधावर नारळीखाली तिनं खुरप्यानं खड्डा केला. मी खुरपं मागितलं, तिनं दिलं नाही. धामणीला पिशवीतून काढून तिनं गोल ठेवली, जशी ती पेटीत झोपायची तशी, आणि आपल्या पदराचं टोक ओलं करून ती कुंकवाची रेघ पुसून काढली. मग माती लोटली.

कालव्यात पाणी कमी होतं. ती काठावर बसून हात धूत होती, मी दोन पायऱ्या वर उभा. मी म्हणालो, मी हे आपल्या दोघांसाठी केलं. असं काहीतरी म्हणालो.

ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "मज मूल पाहिजे म्हणून मी कधी तरी तुम्हाला सांगितलं होतं काय?"

मी आठवायला लागलो. आईनं म्हटलं होतं, अक्कानं म्हटलं होतं, कचेरीतल्या हेडक्लार्कनं म्हटलं होतं, मी तर कितीदा म्हटलं होतं. अकरा वर्षं एकेक करून मी मागं गेलो, पार लग्नाच्या आठवड्यापर्यंत. बायकोच्या तोंडी ते वाक्य मला कुठंच सापडलं नाही. आणि तुला काय पाहिजे, असं मी तिला एकदा तरी विचारलं होतं काय, ते शोधायला लागलो, तर तेही सापडलं नाही. ती हात धूतच होती. मी तिथंच उभा राहिलो.